सूड परवडतो का?

अन्याय झालेल्या माणसाला साधारणपणे तीन गोष्टी हव्या असतात. जे गेले ते परत मिळावे, ही पहिली. आपल्यावर अन्याय झाला हे समोरच्याने, निदान चार लोकांनी तरी मान्य करावे, ही दुसरी. आणि असे पुन्हा होणार नाही याची खात्री, ही तिसरी. राग चढलेला असताना या तिन्ही एकमेकांत मिसळतात आणि त्यांचे एकच वाक्य होते : ‘याची जिरवली पाहिजे.’ सूड घ्यावा का, याचे उत्तर शोधायचे तर आधी हे वाक्य सुटे करावे लागते. गेलेले पैसे, जमीन किंवा घर समोरच्याच्या ताब्यात असेल तर ते परत करू शकणारा माणूसही तोच असतो. त्याला मारहाण केली, त्याचे दुकान फोडले किंवा त्याच्यावर खोटी तक्रार ठोकली की मागणारा स्वतःच आरोपी होतो आणि मूळ मागणी मागे पडते. सुडातला सगळ्यात मोठा तोटा इथेच होतो.

कल्याणजवळच्या टिटवाळ्याच्या महागणपतीची आख्यायिका अशाच एका अन्यायाभोवती उभी आहे. काळू नदीच्या काठी कण्व मुनींचा आश्रम होता आणि दुष्यंताने अव्हेरलेल्या शकुंतलेला त्यांनी इथे गणपतीची आराधना करायला सांगितले, असे गावात मानतात. म्हणून हा लग्न जुळवणारा आणि तुटलेले सांधणारा देव. अंगारकीला रेल्वे स्थानकापासून देवळापर्यंत गर्दी असते ती या श्रद्धेपोटीही. महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला मात्र नुसत्या आराधनेवर थांबत नाही. मुलाला घेऊन ती थेट दरबारात जाते. राजा सगळे आठवत असूनही ओळख नाकारतो, वर अपमान करतो. ती संतापते, धारदार बोलते, राजाला धमकावतेसुद्धा. पण एक गोष्ट सोडत नाही, ती म्हणजे मुलाचा हक्क. शेवटी आकाशवाणीची साक्ष होते आणि राजा कबूल करतो की लोकांच्या मनात शंका राहू नये म्हणून आपण नकार दिला. भरत युवराज होतो. रागावणे आणि सूड घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रसंगात स्वच्छ दिसते. शकुंतलेचा राग मागणीच्या कामी आला.

कालिदासाने हीच कथा नाटकात घेतली तेव्हा तिच्यात दुर्वासाचा शाप घातला, आणि सुडाचा दुसरा चेहरा त्या शापात सापडतो. आश्रमात आलेल्या अतिथीकडे विचारात हरवलेल्या मुलीचे लक्ष गेले नाही, एवढीच चूक. शिक्षा काय, तर नवऱ्याला तिचा विसर पडेल. ज्याने काहीच केले नव्हते तो दुष्यंत आणि जो जन्मलाही नव्हता तो भरत, दोघेही त्या शिक्षेत भरडले गेले. अपमान झालेल्याला आपला अपमान नेहमी मोठाच दिसतो आणि त्याने मापलेली परतफेड समोरच्याला नेहमी जास्तच वाटते. दोन्ही बाजू प्रामाणिक असल्या तरी हे माप जुळत नाही. भाऊबंदकीतली वैरे पिढ्यान्‌पिढ्या चालतात ती याच कारणाने : शेवटचा फटका कोणाचा, यावर दोन घरांचे कधीच एकमत होत नाही.

सूड घेतल्यावर काय वाटते

सूड गोड लागतो हे खोटे नाही. झुरिच विद्यापीठात डॉमिनिक द कर्व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पैशांच्या खेळात फसवल्या गेलेल्या माणसांना फसवणाऱ्याला दंड करण्याची संधी दिली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. बक्षिसाच्या अपेक्षेने मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच दंड करताना जागा झाला. काहींनी तर स्वतःच्या पदरचे पैसे घालून दंड केला.

पण ही गोडी सूड घेण्याआधीची आणि घेतानाची आहे. नंतरचे काय, हे केव्हिन कार्लस्मिथ, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये तपासले. खेळात एकाने सगळ्यांना फसवले. काही खेळाडूंना त्याला शिक्षा करता आली, काहींना तशी संधीच दिली नाही. शिक्षा करणाऱ्यांना आपल्याला बरे वाटेल अशी खात्री होती. प्रत्यक्षात त्यांनाच जास्त वाईट वाटत राहिले आणि त्या फसवणाऱ्याचा विचारही त्यांच्याच डोक्यात जास्त वेळ घोळला. ज्यांना काही करता आले नाही ते ‘जाऊ दे, किरकोळ होते’ म्हणून पुढे सरकले. शिक्षा करणाऱ्याला ती घटना किरकोळ म्हणता येत नाही, कारण तसे म्हटले तर त्याची शिक्षाच अनाठायी ठरते. डूख धरणारी माणसे दहा वर्षांपूर्वीचा प्रसंग तारीखवार सांगू शकतात, त्याचे कारण हेच असावे.

या चित्राला एक महत्त्वाची पुरवणी आहे. मारिओ गोलविट्झर या जर्मन संशोधकाच्या प्रयोगांत असे दिसले की समोरच्याचे नुसते नुकसान झाल्याने सूड घेणाऱ्याचे समाधान होत नाही. ‘मी चुकलो, म्हणून माझ्यावर ही वेळ आली’ हे समोरच्याला कळले आणि त्याने ते दाखवले, तरच मन निवते. म्हणजे शोध कबुलीचाच असतो. अडचण अशी की टायरमधली हवा काढणे, निनावी पत्र पाठवणे, मागून बदनामी करणे असे लपून घेतलेले सूड समोरच्याला मुळात कोणी आणि कशासाठी घेतले हेच कळू देत नाहीत. आणि उघड घेतलेल्या सुडानंतर सहसा चूक कबूल केली जात नाही, उलटा वार होतो.

जशास तसे कुठे चालते

तरीही प्रत्येक परतफेड वाया जाते असे म्हणणे बरोबर होणार नाही. 1980 च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर एक स्पर्धा घेतली. दोन पक्ष पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात आणि प्रत्येक वेळी सहकार्य करायचे की दगा द्यायचा हे ठरवतात. तज्ज्ञांनी एकापेक्षा एक चतुर आज्ञावल्या पाठवल्या. जिंकली ती ॲनाटोल रॅपपोर्ट यांची सगळ्यात छोटी. तिचे धोरण जशास तसे : पहिल्यांदा सहकार्य, नंतर समोरच्याने मागच्या फेरीत जे केले तेच. दुसऱ्या, मोठ्या स्पर्धेतही तीच पहिली आली. ती जिंकली म्हणून सुडाचे समर्थन करणाऱ्यांना तिचा आधार घ्यावासा वाटतो. पण तिचे नियम नीट पाहावेत. ती आधी दगा देत नाही. उत्तर लगेच देते, साठवून ठेवत नाही. मिळाले तेवढेच परत करते. आणि समोरचा सुधारला की पुढच्याच फेरीपासून मागचे विसरते. सूड यातले शेवटचे तीन नियम हमखास मोडतो. शिवाय तिच्यातही एक दोष आहे : एका बाजूने दुसऱ्याची चाल एकदाच चुकीची वाचली, तरी दोघे एकमेकांना आलटून पालटून फटके देत बसतात. म्हणून पुढच्या अभ्यासकांनी अधूनमधून एखादा दगा सोडून देणारी आवृत्ती अधिक टिकाऊ मानली.

टिटवाळा लोकलचा डबा ही अशा खेळाची रोजची जागा आहे. तीच गाडी, तोच डबा, तेच चेहरे. कोणी जागा अडवली, दारात उभ्या राहिलेल्या टोळक्याने कल्याणला उतरू दिले नाही, शहाड-आंबिवलीला चढणाऱ्याला ढकलले, तर तिथल्या तिथे ठाम आवाजात बोलणे, इतर प्रवाशांना साक्षीला घेणे, ऐकले नाही तर रेल्वेच्या 139 किंवा लोहमार्ग पोलिसांच्या 1512 या क्रमांकावर कळवणे, ही जशास तशाची चालणारी रूपे. ‘उद्या बघून घेतो’ म्हणून दुसऱ्या दिवशी ग्रुप घेऊन येणे हे न चालणारे रूप. उद्याच्या डब्यात कालची चूक कोणाची हे आठवणारे थोडेच असतात. हाणामारीचा व्हिडिओ मात्र सगळ्यांच्या फोनमध्ये असतो, आणि त्यात पहिला हात कोणाचा दिसतो यावर पोलीस ठाण्यातली पुढची संध्याकाळ ठरते.

उघड, लहान आणि ताबडतोब दिलेला नकारही जशास तशाच्या चालणाऱ्या रूपांत मोडतो. फसवणाऱ्याशी पुन्हा व्यवहार न करणे, उसने देणे बंद करणे, लग्नकार्याला न जाणे, नोकरी सोडणे ही सगळी परतफेडच आहे आणि ती पूर्णपणे कायदेशीर आहे. मात्र हेच काम सगळ्या गावाने किंवा जातपंचायतीने मिळून एका घराविरुद्ध केले की ते वाळीत टाकणे होते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा राग समजून घेतो, पण किती?

भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्यात कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. अंगावर आलेल्याला रोखण्यासाठी बळ वापरणे गुन्हा नाही, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीरासाठी आणि मालमत्तेसाठीही. पण कलम 37 मर्यादा घालते : पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. हल्लेखोर पळाला, धोका संपला, की हक्कही संपला. त्याच्या घरापर्यंत पाठलाग करून केलेली मारहाण हा सूड, आणि तो गुन्हाच.

‘डोक्यात राग गेला, भान राहिले नाही’ हा बचावही फार लांब जात नाही. गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे ताबा सुटून मृत्यू घडला तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध मानण्याची तरतूद आहे, पण तिच्यात ‘अचानक’ या अटीला फार वजन आहे. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी 27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. ज्युरीने मोठ्या बहुमताने निर्दोष ठरवले, वर्तमानपत्रे आणि लोकमतही नानावटींच्या बाजूने. तरी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पत्नीची कबुली ऐकल्यावर नानावटी कुटुंबाला सिनेमागृहात सोडून आले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग आहुजाच्या घरी गेले. मधे सुमारे तीन तास गेले होते. एवढ्या वेळात माणूस शांत होऊ शकतो, असे न्यायालयाने मानले. पुढे 1964 मध्ये त्यांना माफी मिळाली, पण ती माफी ज्या ओळखीपाळखीतून आणि वातावरणातून आली ती सामान्य माणसाच्या वाट्याला येत नाही. सूड ‘थंड डोक्याने’ घ्यावा असा सल्ला देणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की कायद्याच्या नजरेत थंड डोके ही गुन्हा वाढवणारी गोष्ट आहे.

सुडाने मूळ वाद कसा गाडला जातो याचे अलीकडचे उदाहरण टिटवाळ्यापासून फार दूर नाही. 2 फेब्रुवारी 2024 च्या रात्री उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच गोळीबार झाला. कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना त्या प्रकरणी अटक झाली. शिवसेनेचे कल्याणचे पदाधिकारी महेश गायकवाड आणि त्यांचे एक सहकारी जखमी झाले. वादाचे मूळ द्वारली गावातली जमीन. दोन्ही बाजूंचे आरोप-प्रत्यारोप आहेत आणि गोळीबारात कोणाचा दोष किती हे न्यायालय ठरवील. पण एक गोष्ट निकालाची वाट न पाहताही दिसते : त्या रात्रीपासून सगळी चर्चा गोळ्यांची, अटकेची आणि राजकारणाची झाली, द्वारलीच्या जमिनीवर कोणाचा हक्क होता हे कोणी विचारेनासे झाले. ज्याच्या हाती सत्ता, पैसा आणि वकील होते त्याच्या बाबतीत हे झाले. चाळीत राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत जामिनाची सोय होईपर्यंतच घर विकायची वेळ येते.

जमाव सूड घेतो तेव्हा

2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार घ्यायला उशीर केला गेला, या संतापातून 20 ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्थानकात दिवसभर गाड्या रोखल्या. त्या आंदोलनाचा काही भाग हिंसक झाला, पण दबावाचा उपयोगही झाला : पोलिसांवर कारवाई झाली, विशेष तपास पथक नेमले गेले. मग 23 सप्टेंबरला आरोपी पोलीस गाडीत असताना गोळी लागून मेला. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. 2025 च्या जानेवारीत दंडाधिकारी चौकशीच्या अहवालाने पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेतली. कोणाला त्या माणसाबद्दल सहानुभूती वाटावी असा मुद्दा नाही. मुद्दा असा की आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. त्याचा गुन्हा न्यायालयात सिद्ध होत नाही, त्याच्या उलटतपासणीतून निघू शकणारी माहिती निघत नाही, आणि मुलींच्या पालकांना निकालाच्या रूपाने जी जाहीर कबुली मिळाली असती तीही मिळत नाही. आंदोलन हक्काच्या मागणीसाठी होते. फलक सुडाचे होते. दोन्ही एकाच संतापातून आले तरी त्यांचे परिणाम उलटे झाले.

या सगळ्याला छेद देणारे एक उदाहरण आहे आणि ते टाळून जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नागपूरच्या कस्तुरबानगर वस्तीत अक्कू यादव या गुंडाने वर्षानुवर्षे दहशत घातली होती; बलात्कार, खंडणी, खून असे आरोप त्याच्यावर होते आणि पोलिसांकडे गेलेल्यांना दाद मिळत नव्हती. 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयातच जमावाने, ज्यात वस्तीतल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, त्याला ठार मारले. 2014 मध्ये खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. वस्तीची दहशत संपली, हे खरे. इथे सूड निष्फळ ठरला असे म्हणता येत नाही. पण तो ज्या परिस्थितीत घडला ती पाहावी : एकट्यादुकट्याचा नव्हे तर अख्ख्या वस्तीवरचा अन्याय, आधी सगळे रस्ते चोखाळून झालेले, आणि धोका भूतकाळातला नव्हे तर उद्याचा. म्हणजे तो सुडापेक्षा बचावाच्या जवळ जातो. तरीही दहा वर्षे खटल्याची टांगती तलवार त्या वस्तीने सोसली. हे उदाहरण व्यवस्थेला लाज आणणारे आहे. शेजाऱ्याने भिंत सरकवली किंवा भागीदाराने पैसे बुडवले अशा प्रकरणात ते आधाराला घेता येत नाही.

इतिहासात सुडाऐवजी अधिकार काढून घेण्याचा मार्गही दिसतो. टिटवाळ्याच्या देवस्थानाचा जीर्णोद्धार ज्यांच्या नावाशी जोडला जातो त्या थोरल्या माधवराव पेशव्यांचा धाकटा भाऊ नारायणराव 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात मारला गेला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणरावांचे काका राघोबादादा यांना दोषी ठरवले आणि पद सोडले. पेशवाईतल्या कारभाऱ्यांच्या गटाने, म्हणजे बारभाईंनी, राघोबांना मारण्याऐवजी त्यांची गादी काढून घेतली आणि नारायणरावांच्या मागे जन्मलेल्या सवाई माधवरावांना पेशवेपदावर बसवले. हा मार्ग स्वस्त नव्हता. राघोबा इंग्रजांकडे गेले, याच भांडणाच्या धामधुमीत 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी कायमची गेली. पण 1782 च्या सालबाईच्या तहानंतर राघोबांच्या हाती उरले ते निवृत्तिवेतन आणि गोदाकाठचा मुक्काम. शिक्षा झाली की नाही यापेक्षा नुकसान करण्याची ताकद गेली की नाही, हा प्रश्न इथे निर्णायक ठरला. घरातल्या वादातही तोच विचारावा : काकाला धडा शिकवण्यापेक्षा त्याच्याकडचे कुलमुखत्यारपत्र रद्द करून घेणे बहुधा जास्त उपयोगी असते.

मग करायचे काय

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ या म्हणीत अनुभव आहे, पण तो अर्धाच आहे. न्यायालयात वेळ जातो हे खरे. पुष्कळ दावे मात्र वेळ गेल्यामुळे हरत नाहीत, वेळ घालवल्यामुळे हरतात. ज्या दिवसांत माणूस सुडाचे बेत करत असतो, त्याच दिवसांत कायद्याच्या मुदती संपत असतात.

जमिनीचे उदाहरण घ्यावे, कारण कल्याण तालुक्यात भांडणांचे ते मोठे कारण आहे. कोणी जबरदस्तीने ताब्यातून हुसकावले तर विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालकी सिद्ध करण्याचीही गरज नसते. आधी ताबा होता आणि तो कायदेशीर मार्गाशिवाय काढला, एवढे पुरते. शेताचा रस्ता किंवा पाण्याचा मार्ग अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदाराकडे जाता येते. तिथेही मुदत सहा महिन्यांचीच. शेजारी बांध कोरत असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी मागवणे हा पहिला उपाय. बांध परत कोरून घेणे हा उपाय नव्हे. त्याने दोघांचेही म्हणणे संशयास्पद होते.

उसन्या पैशांचा चेक वटला नाही तर बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस मिळतात आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. चेक नसेल, नुसते पैसे दिले असतील, तर दिवाणी दाव्याला साधारणपणे तीन वर्षे आहेत. ऑनलाइन फसवणुकीत मात्र तासांचा हिशेब असतो : 1930 वर जितक्या लवकर कळवले जाईल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. सोनाराच्या भिशीत किंवा ठेव योजनेत अडकलेल्यांसाठी ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा 1999 चा कायदा आहे. 2019 मध्ये डोंबिवलीत गुडविन ज्वेलर्सची दुकाने अचानक बंद झाली तेव्हा शेकडो घरांची बचत अडकली. अशा प्रकरणात संचालकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांत वाटण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी तक्रारदारांच्या यादीत नाव आणि हातात पावती लागते. बंद शटरवर दगड मारणाऱ्याला यातले काही मिळत नाही, आणि जप्त व्हायच्या मालाचे नुकसान होते ते निराळेच. आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करावा, तसा तो प्रकार.

घर घेताना झालेली फसवणूक कल्याण-डोंबिवलीत फार जुनी. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या 65 इमारतींचे प्रकरण गाजले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. टिटवाळा-मांडा, बल्याणी भागात बेकायदा चाळी पाडल्या जाण्याच्या बातम्याही नेहमीच्या. अशा खरेदीदाराचा राग समजण्यासारखा आहे. आयुष्याची कमाई गेलेली असते आणि बांधणारा मोकळा फिरत असतो. त्याच्या कार्यालयावर मोर्चा नेणे एक वेळ ठीक, पण त्याआधी करारनामा, पैसे दिल्याच्या नोंदी, जाहिरातीचे पत्रक आणि बांधणाऱ्याशी झालेले मेसेज एका जागी करावेत. नोंदणीकृत प्रकल्पात ताबा वेळेवर मिळाला नाही तर महारेराकडे व्याजासह रक्कम परत मागता येते. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची. परवानगीच बनावट असेल तर फसवणुकीचा फौजदारी गुन्हा होतो, आणि तो एकट्याने नोंदवण्यापेक्षा सगळ्या खरेदीदारांनी मिळून नोंदवलेला जास्त वजनदार ठरतो.

पोलिसांत तक्रार घेतली जात नाही, हा सुडाच्या समर्थनार्थ सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद. अनुभव खोटा नाही. उपाय मात्र फार थोड्यांना माहीत असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही, आणि नोंदवलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ठाणेदाराने नकार दिला तर तीच तक्रार लेखी स्वरूपात, पोचपावतीसह, ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षकांकडे आणि आयुक्तालयाच्या हद्दीत उपायुक्तांकडे पाठवावी. तिथेही काही झाले नाही तर कलम 175 खाली दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना वकील विनामूल्य मिळतो.

तक्रारीत घडले तेवढेच लिहावे. मारहाण झाली असेल तर मारहाण. वजन वाढावे म्हणून त्यात विनयभंग किंवा चोरी घालणे ही सुडाचीच एक पद्धत आहे आणि ती फार महागात पडते. खोटी माहिती देणे आणि खोटा आरोप करणे हे न्याय संहितेच्या कलम 217 आणि 248 खाली गुन्हे आहेत. त्याहून मोठा तोटा म्हणजे एक खोटी ओळ सापडली की उरलेल्या खऱ्या ओळींवरचा विश्वासही जातो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाला चोर म्हणणे, फोटो टाकून ‘यापासून सावध’ असे फिरवणे यातून बदनामीचा खटला ओढवू शकतो. तेच म्हणणे पुराव्यानिशी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे किंवा पोलिसांकडे दिले तर असा धोका राहत नाही.

या सगळ्याच्या आधी, रागाच्या पहिल्या दिवशी करण्यासारखे काम लहान असते : काय झाले, कुठे, किती वाजता, कोण हजर होते, हे कागदावर लिहून ठेवणे, मेसेज, कॉलच्या नोंदी आणि फोटो न पुसणे, जखम असेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून घेणे. लिहिताना राग शब्दांत उतरतो आणि दोन दिवसांनी तो कागद वाचला की सुरुवातीला सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी आपल्याला नेमके काय हवे आहे, हेही कळते. धमकीचा मेसेज मात्र या दोन दिवसांत पाठवू नये. बहुतेक प्रकरणांत समोरच्याच्या वकिलाला मिळणारा सर्वांत चांगला पुरावा तोच असतो.

सोडून देणे हाही पर्याय आहे आणि त्याला कमीपणा चिकटवण्याचे कारण नाही. रक्कम लहान, माणूस पुन्हा भेटणार नाही, पुरावा नाही, अशा वेळी दावा लढणेही परवडत नाही, मग सूड कुठला. मात्र सोडून देणे म्हणजे माफ करणे नव्हे, आणि माफ करणे म्हणजे तक्रार मागे घेणे नव्हे. मनातला डूख काढून टाकूनही खटला पुढे नेता येतो. घरातली मारहाण, लैंगिक छळ किंवा मुलांवरचा अत्याचार यांत ‘झाले गेले विसरून जा’ असा सल्ला देणारे नातेवाईक अन्याय करणाऱ्याची सोय करत असतात. तिथे तिसरी गरज, पुन्हा न होण्याची खात्री, बाकी सगळ्यांच्या आधी येते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांत करावी लागते.

तडजोड होत असेल तर ती तोंडी ठेवू नये. गावपातळीवर 2007 पासून तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या आहेत आणि बांधावरची, भावाभावांतली भांडणे मिटवायला त्या उपयोगी पडल्या आहेत. समितीपुढे ठरलेले कागदावर आणून दोन्ही बाजूंच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. न्यायालयात दावा चालू असेल तर तो लोकअदालतीत नेता येतो. तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील करता येत नाही आणि भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. हप्त्यांनी पैसे द्यायचे ठरले असेल तर तारखा आणि हप्ता चुकल्यास काय, हे त्या निवाड्यातच लिहून घ्यावे, म्हणजे हप्ता चुकला तर नवा दावा न करता थेट वसुलीची दरखास्त दाखल करता येते.